रॉकेल आणि खडू

आमच्या घरात कुठलीही वस्तू वाजवून घेतल्याशिवाय आत येत नसे. नारळ, कलिंगड, पितळेचा तांब्या, न्हाणीत बसवायची फरशी, सगळ्याला माझे वडील, आबा, बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचे. धाकट्या आत्याला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा नवऱ्या मुलाने ज्या खुर्चीवर बसायचं ती खुर्चीसुद्धा त्यांनी ठोकून पाहिली होती. माझं गणित चुकलं की माझ्या डोक्यावरही टकटक व्हायची. "पोकळ वाजाय लागलंय," असं म्हणून ते आईकडे बघत, आणि आई भाकरी थापता थापता म्हणे की बापावरच गेलीय, दुसरं काय. आबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते. भट्टीतून ओतलेलं, गार होऊन घासून साफ झालेलं लोखंड त्यांच्या टेबलावर येई आणि ते छोट्या हातोडीने त्याला एक टोला देत. चांगला माल टण्ण करून लांब वाजतो, शाळेच्या घंटेसारखा. आत चीर असली तर थद् करून जागीच बसतो. टण्ण वाजलं की आबा कडेला पंचाने, ठशाच्या पोलादी खिळ्याने, आपल्या नंबरचा ठसा मारत, गोलात सात. थद् वाजलं की तांबड्या खडूची फुली. रविवारी असे दोन तुकडे ते घरी आणत, मला भिंतीकडे तोंड करून बसवत आणि माझ्या पाठीमागे वाजवत. चांगला की फुटका, ते मी सांगायचं. दहाव्या वर्षापासून मी एकदाही चुकले नव्हते आणि त्याचा मला फार तोरा होता. आज आयटीआयमध्ये पोरांना शिकवताना मी त्यांना डोळे मिटून ऐकायला लावते, तेव्हा ती हसतात. हसू देत.

आमचं घर गडमुडशिंगीत, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचं छप्पर. देव्हारा नव्हता. एका फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्या शेजारी लाल कापडात बांधलेली संविधानाची प्रत आणि तिला टेकून आबांचा रेडिओ. आबा सातवी शिकलेले, पण देश हा शब्द त्यांच्या तोंडात मिठासारखा होता, सगळ्यात थोडा थोडा. रस्त्यावरचा नळ वाहताना दिसला की सायकलवरून उतरून बंद करणार. दिवसा दिव्याच्या खांबावरचा दिवा जळताना दिसला की ग्रामपंचायतीत जाऊन सांगणार. एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर मागून घेणार. गावाने त्यांचं नाव सरकार ठेवलं होतं. ते पारावरून जाऊ लागले की कुणीतरी म्हणायचंच, "सरकून बसा रं, सरकार आलं." आबा हसायचे. सव्वीस जानेवारी हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा सण. पहाटे अंघोळ, इस्त्रीचा पांढरा सदरा, शाळेत झेंडावंदन, आणि मग सायकल हाणत कोल्हापुरात जाऊन रांगेत उभं राहून आणलेली गरम जिलेबी. कोल्हापूर त्या दिवशी जिलेबी खातं, हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. आबा कागदातली पहिली जिलेबी आईच्या हातावर ठेवत आणि दरवर्षी तेच म्हणत, की येवढं गोड खायला मिळतंय ते कुणामुळं, ध्येनात ठेवा.

आता माठाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून आलं. एका उन्हाळ्यात आबांनी बाजारातून माठ आणला. कुंभाराच्या दुकानात पाच-सहा माठ वाजवून त्यांनी तो निवडला होता. मी बरोबर होते. त्यांनी ज्याला बरा म्हटलं तो थद् वाजला होता, स्पष्ट, माझ्या कानापाशी. मला वाटलं माझंच चुकलं. आबा कसे चुकतील? सकाळी स्वयंपाकघरात पाण्याचं तळं झालं होतं. आई फडक्याने पाणी टिपत होती आणि मी बघत उभी होते, आणि आमची नजरानजर झाली. कुकरच्या शिट्ट्या आबा मोजेनासे झाले होते. रेडिओचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं असायचं. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बघायचे. हे सगळं आम्हाला दोघींना दिसत होतं आणि दोघींनीही ते एकमेकींपासून लपवलं होतं. पंचवीस वर्षं भट्टीच्या, ग्राइंडरच्या आवाजात उभा राहिलेला माणूस, दुसरं काय होणार. पण आमच्याकडे माणूस बहिरा झाला तर जगाला कळायला वर्ष जातं, कारण सगळेच ओरडून बोलतात. शेजारणीशी चार शब्द बोलायचे तरी आम्ही भांडल्यासारखे बोलतो. फौंड्रीत तर खुणांवरच कारभार. आबा लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकले होते, ते त्यांना स्वतःला तरी कळलं होतं की नाही कुणास ठाऊक. आईने तो माठ मागच्या दारी नेला, त्यात माती भरली आणि कोथिंबीर पेरली. मला एवढंच म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. काम गेलं तर खायाचं काय?"

मी गप्प बसले. नुसती गप्प बसले नाही, मदत केली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की मी आबांच्या समोरून जायची, म्हणजे ते 'झाला का भात' असं विचारू शकत. दारावर कुणी आलं की त्यांच्या गुडघ्याला हात लावायची. शाळेत झेंडावंदनाला राष्ट्रगीत संपलं की त्यांच्या कोपराला बोट लावायची, नाहीतर ते सावधानच उभे राहिले असते. पंधरा ऑगस्टला मी असं बोट लावलं आणि ते माझ्याकडे न बघता हलले, तेव्हा आपण किती शहाणे आहोत असं मला वाटलं होतं. रविवारचा तुकडे वाजवायचा खेळ मात्र त्यांनी बंद केला. तू आता मोठी झालीस, असं कारण सांगितलं. तेव्हा शिरोलीत निम्म्या भट्ट्या गार पडल्या होत्या, रोज कुठल्या तरी फाटकाला कुलूप लागल्याची बातमी यायची, आणि आमच्या घरात चूल पेटती आहे यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. आबा टेबलावर माल वाजवताना डावा हात त्यावर सपाट ठेवतात, हाताला कळतं म्हणतात, असं त्यांच्याबरोबरचे लोक पुढे सांगत होते. हाताला कळत असेलही थोडं. सगळं कळत नव्हतं.

त्या काळात त्यांच्या फौंड्रीत उसाच्या ट्रॉल्यांचे हब ओतले जात. हब म्हणजे चाकाचा मधला लोखंडी गड्डा, ज्याच्यावर सगळा भार. हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर जायचे, मागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाने इतक्या भरलेल्या की झाडांच्या फांद्या ओरबाडत जायच्या, आणि वर ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका पोरं घेऊन बसलेल्या. डिसेंबरात एका संध्याकाळी अशी एक ट्रॉली गावाबाहेरच्या वळणावर कलंडली. आबा कामावरून त्याच वाटेने येत होते. ते घरी आले तेव्हा अंगावर फक्त बनियन होता आणि सदऱ्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. चुलीपुढच्या फरशीवर त्यांनी ते ठेवलं. फुटलेल्या हबचा तुकडा. तुटल्या जागी निम्मं लोखंड नव्या पैशासारखं चमकत होतं आणि निम्मं काळं होतं. काळं म्हणजे जुनी चीर, ओतल्या दिवसापासूनची. तुकड्याच्या कडेला गोलात सात. आबांनी हातोडीची मूठ माझ्याकडे केली आणि वाजव म्हणाले. मी वाजवला. तुटका तुकडा, त्याचा कसला आवाज. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मला ऐकू आलं न्हाय," आबा म्हणाले. "सुजे, मला ऐकू येत न्हाय. तुला ठावं हुतं?"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती, तिची पाठ मला दिसत होती. मी म्हणाले, "न्हाय."

आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोलले असेन, पण ते एक माझ्या जिभेवर अजून आहे. आबांनी मान हलवली, तुकडा परत सदऱ्यात गुंडाळला आणि जेवले नाहीत. त्या अपघातात टोळीतली मीरा नावाची बाई उसाखाली सापडली होती. जीव वाचला, पण सरकारी दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी तेव्हा सोळाची, ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

दुसऱ्या दिवशी आबा पंच घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालक लिंगायत, घरात कानडी बोलणारे, बाहेर आमच्यासारखेच रांगडे. वाईट माणूस नव्हता, हे मला आज कबूल करायला हवं, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. आबा म्हणाले की उन्हाळ्यापासून माझ्या ठशाने गेलेला सगळा माल परत मागवा, पेपरात द्या, मी सही करतो. मालकांनी दार लावून घेतलं. असं जाहीर केलं तर उद्या फाटकाला कुलूप, मग चाळीस घरांनी काय करायचं, असं ते म्हणाले. शेवटी मालकांनी मागच्या दाराने चांगले हब टेम्पोत घालून द्यायचं कबूल केलं, जिथे लागतील तिथे बसवा, पण फौंड्रीचं नाव तोंडातून निघता कामा नये. आबांनी नाव घेणार नाही म्हणून सांगितलं. "माजं घ्यायला तर हरकत न्हाय न्हवं?" एवढं विचारलं आणि पंच टेबलावर ठेवून आले. पंचवीस वर्षांची नोकरी अशी सकाळच्या चहाच्या आत संपली.

तिथून ते सरळ दवाखान्यात गेले आणि मला बरोबर नेलं, कारण समोरचा माणूस मान खाली घालून बोलला तर त्यांना कळणार नव्हतं. मीराचा नवरा वॉर्डाबाहेर जमिनीवर बसला होता, मराठवाड्यातला, किडकिडीत, हातात चहाचा गार झालेला कप. पावणं कुठलं, असं आबांनी विचारलं आणि मग उभ्या उभ्याच सांगून टाकलं की तो हब मी पास केला होता, माझ्या हातून झालं. मला वाटलं तो उठून आबांची गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. तो कपातच बघत म्हणाला, "आता सांगून काय उपेग?" मी ते आबांच्या समोर तोंड करून परत म्हणाले. मग तो म्हणाला, "आमच्या टोळीची दुसरी गाडी हाये. बरूबरच घेतल्या व्हत्या दोन्ही. तिच्यावर माझी भावजय बसती, लेकरू घेऊन. ती गाडी तेवढी बघा." ती गाडी कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. टोळीचा मुकादम पोलिसांच्या भानगडीला घाबरून तिला घेऊन दुसऱ्याच कारखान्याला निघून गेला होता. हिरवी ट्रॉली, मागच्या फळीवर मोर काढलेला, चालवणारा धनाजी. एवढंच हाताशी होतं.

आणि मग आमची वणवण सुरू झाली. जिल्ह्यात कारखाने थोडेथोडके नव्हते आणि प्रत्येकाच्या यार्डात ट्रॉल्यांची ही रांग. आबांच्या सायकलला एका बाजूला रॉकेलचा डबा, दुसऱ्या बाजूला हातोडी, जॅक आणि खडूची पिशवी, मागे मी. लांबच्या कारखान्याला टेम्पोने, नाहीतर एसटीने. मोराची गाडी सापडेपर्यंत बाकीच्या गाड्या सोडायच्या नाहीत, हा आबांचा नेम. बसवलेल्या चाकाचा हब सुट्यासारखा वाजत नाही. चाक जॅकवर उचलायचं, कडेचं वंगण पुसून गोलात सात आहे का बघायचं, असला तर मी टोला मारायचा आणि ऐकायचं. शंका आली तर हबवर रॉकेलचं फडकं फिरवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. चीर असली तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत उतरतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते, केसासारखी. मग फुली, आणि फौंड्रीतून टेम्पोने आलेला चांगला हब तिथे बसवायचा. फौंड्रीत शेकड्याने माल यायचा, तिथे एवढा वेळ कुणाला? इथे आमच्याकडे वेळच वेळ होता. रॉकेल रेशनचं. आमचा पंपाचा स्टोव्ह त्यावरच चालायचा. पहिल्या दिवशी आईने न विचारता डबा भरून दिला, दुसऱ्या आठवड्यात स्टोव्हच्या टाकीतलंही ओतून दिलं आणि ओल्या काटक्यांवर भाकऱ्या करू लागली. घरभर धूर. डोळ्यांतून पाणी काढत ती एकदा मला म्हणाली, गप बस असं मीच म्हटलेलं, तू न्हवंस. त्या घरात तिघेही एकमेकांची माफी मागत होतो आणि कुणीच मोठ्याने मागत नव्हतं.

लोक काय म्हणायचे ते सांगण्यात अर्थ नाही, पण एक सांगते. यार्डात ट्रॉलीवाले दोन-दोन दिवस रांगेत थांबलेले, वैतागलेले. काही आम्हाला हाकलत. काही जण मजा म्हणून चाक उचलू देत. एका यार्डात गावाकडचाच एकजण भेटला, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरकार, समदा देश असाच चाललाय. रस्तं बोगस, पूल बोगस. तुमी एकट्यानं खांद्यावर घेतलाय काय त्यो?" मी आबांना ते सांगणार नव्हते, पण त्यांनी ओठांवरून ओळखलं. वंगणाचे हात फडक्याला पुसत ते म्हणाले, "समदा कुठला. सात नंबरचा तेवढा माजा." लोक हसले. मला हसू आलं नाही आणि अभिमानही वाटला नाही. मला फक्त भूक लागली होती आणि बोटांना रॉकेलचा वास येत होता. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत देशाचा रागच यायचा. कसला हा देश, जो एका सातवी शिकलेल्या बहिऱ्या माणसावाचून स्वतःच्या चाकांकडेही बघत नाही? पाच आठवड्यांत आम्हाला नऊ फुटके हब मिळाले. आबा नऊ म्हणून खूश होत नसत. जे मिळत नव्हते त्यांच्याचसाठी ते रोज उठत. मोराची ट्रॉली कुठेच नव्हती. रस्त्यात कुठे गर्दी दिसली की आबा सायकलवरून उतरायचे आणि त्यांचे पाय तिथेच थबकायचे. मग मी पुढे जाऊन बघून यायची. कधी डोंबाऱ्याचा खेळ असायचा, कधी भाजीचा हातगाडा.

सव्वीस जानेवारी आली. इस्त्रीला कोळसा होता, त्यामुळे सदरा तेवढा दरवर्षीसारखा होता. शाळेच्या पटांगणात आम्ही मागच्या रांगेत उभे राहिलो. राष्ट्रगीत संपलं, पोरं भारतमाता की जय म्हणून ओरडली, रांगा मोडल्या, आणि मी आबांच्या कोपराला बोट लावलं नाही. हात उचललाच नाही. ते ताठ उभे होते, डोळे झेंड्यावर, आणि त्यांच्या भोवतीने पोरं लिमलेटच्या गोळ्यांसाठी पळत होती. दोन-चार मास्तर बघू लागले. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "आबा, मला ठावं हुतं. माठाच्या दिवसापासनं." ते समोरच बघत होते. शेवटी मी कोपराला बोट लावलं तेव्हा ते हलले, सदऱ्याची बाही सारखी केली आणि विचारलं, "संपलं व्हय?" जिलेबीला ते गेले नाहीत. रॉकेलचा डबा उचलून म्हणाले की सुट्टीच्या दिवशी यार्डात गाड्या जास्त तुंबतात. फाट्यावर एसटीची वाट बघत असताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. "आज खोटं बोलू नकोस म्हंजे झालं," म्हणाले.

त्यांनी कधी ओळखलं होतं ते मी विचारलं नाही. कदाचित त्या पंधरा ऑगस्टलाच, बोट लागल्यावर.

त्या कारखान्यात सकाळीच काहीतरी मोडलं होतं, गाळप बंद पडलं होतं आणि रांगेतल्या भरल्या गाड्या लांबच्या दुसऱ्या कारखान्याला वळवायचा हुकूम निघाला होता. सगळे एकदम फाटकाकडे निघालेले, ऊस वाळून वजन घटायच्या आत पोचायची घाई. आणि फाटकाजवळ, रांगेतल्या दुसऱ्या नंबरच्या गाडीवर, मागच्या फळीवर मोर. हिरवा रंग उडालेला, पण मोर शाबूत. उसावर एक बाई बसली होती, पदराखाली लेकरू. आबांनी ट्रॅक्टरपुढे हात आडवे केले, धनाजी उतरला. वयाने पंचविशीचा असेल, तीन दिवस न झोपल्यासारखा. मीराचं नाव घेतल्यावर तो वरमला आणि बघा म्हणाला, पण पटकन. पहिली तीन चाकं बरी निघाली. चौथ्याला मी टोला मारला. भरल्या ट्रॉलीचं ओझं होतं, तरी तो आवाज मी ओळखला असता. माठाचाच आवाज. आबांनी रॉकेल फिरवलं, पुसलं, खडू चोळला. आम्ही तिघे उकिडवे बसून बघत होतो आणि पांढऱ्यावर ती रेघ हळूहळू चालत आली, बोटाएवढी, मग वितीएवढी.

धनाजीने मागे पाहिलं. मागे पन्नासेक गाड्या, भोंगे सुरू झालेले. तो माझ्याजवळ सरकला आणि हळू बोलला, "ताई, ऊस वाळला तर गाडीचा मालक मला दारात उभं करणार न्हाय. तिकडं पोचल्यावर बदलतो, शप्पत. तू म्हण की बरा वाजतोय म्हणून. म्हाताऱ्याला काय ऐकू येत न्हाय, मला दिसतंय की." आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सरळ त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "फुटलाय." आबांनी तांबडी फुली मारली. धनाजी ट्रॅक्टरवर चढला आणि त्याने इंजिन चालू केलं.

मग आबा फाटकात जाऊन बसले. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांपुढे, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, मांडी घालून, रॉकेलचा डबा मांडीपाशी. धनाजीने भोंगा धरला. मागच्याने धरला. त्याच्या मागच्याने धरला. सगळं यार्ड बोंबलू लागलं, लोक उतरून पुढे धावले, कुणी शिव्या घालत होतं, कुणी म्हणत होतं की म्हातारा प्यालाय, ओढा बाजूला. आबांना कुणी तरी खांद्याला धरून हलवलं. ते हलले नाहीत. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं, ते धनाजीकडे बघत बसले होते.

पुढे काय झालं ते सांगून टाकते आणि परत फाटकात येते. उसावरची बाई लेकरासकट खाली उतरली आणि पुन्हा चढेना, तेव्हा धनाजीने इंजिन बंद केलं. गाडी कडेला घेऊन, टेम्पोने चांगला हब मागवून तो बदलायला दुपार गेली, त्याचा नंबर गेला, पुढे त्याची नोकरीही गेली असं कळलं, आणि त्याचं ओझंही आबांनी घेतलं. काढलेला हब दुसऱ्या टोल्याला दोन तुकडे झाला. तो दहावा. हंगाम संपेपर्यंत आणखी चार मिळाले आणि बाकीचे मिळाले नाहीत. किती होते ते कुणालाच माहीत नाही. आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि अजून हंगामात रस्त्यावर ट्रॉली दिसली की मी बाजूला थांबते आणि ती जाईपर्यंत तिची चाकं बघते. हब आता बाहेरून येतात, ठसे वेगळे असतात. तरी बघते.

पण तेव्हा, फाटकात, यातलं काहीच झालं नव्हतं. दोघेजण आबांच्या बगलेत हात घालून त्यांना उचलायला लागले होते आणि एकजण त्यांच्या कानात ओरडत होता, "आरं ऐकू येत न्हाय काय तुला?" त्या माणसाला मी ढकललं. नऊ महिने घराच्या चार भिंतींत आम्ही जे दाबून ठेवलं होतं ते मी त्या सगळ्या यार्डासमोर ओरडून सांगितलं, "न्हाय येत. बहिरं हायत ते. आन् मला ठावं हुतं." कोण ऐकत होतं कुणास ठाऊक. मग मी हातोडी खाली ठेवली आणि आबांच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडे सरकले आणि डबा आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. पन्नास गाड्यांचे भोंगे चालू होते. आबा शांत बसले होते, त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला सगळं ऐकू येत होतं.